नराविना वंश : माव्याची कुळकथा

२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली पांढरी लोकर चिकटल्यासारखी दिसू लागली. पान उलटून पाहावं तर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना बारीक किडे दाटीनं बसलेले आणि त्यांच्या अंगावर मेणासारखा पांढरा कापूस. खालच्या पानांवर चिकट रस ठिबकलेला, त्या रसावर काळी बुरशी धरलेली. सप्टेंबरात हीच कीड कर्नाटकातल्या बागलकोट, विजापूर, बेळगाव भागात दिसली. पुढच्या हंगामापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक ऊसपट्ट्यांत 'लोकरी मावा' हा शब्द पोराबाळांच्या तोंडी झाला. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता : चार दिवसांपूर्वी फडात काही नव्हतं, मग एवढा आला कुठून?

वाचकहो, मी इतिहासाचा अध्यापक आहे. कीटकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण हा प्रश्न मोठा जुना आहे. माणसानं त्याची काय काय उत्तरं दिली आणि खरं उत्तर सापडायला किती काळ गेला, हा इतिहासाचाच भाग म्हटला पाहिजे. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात, जिथे एका बांधाला ऊस, दुसऱ्या बांधाला कांदा आणि पलीकडे द्राक्षाचा मांडव, तिथे तर हा इतिहास नुसता वाचण्याचा नाही, रोज उपयोगी पडण्याचा आहे.

आपल्या पूर्वजांनी जीवसृष्टीच्या चार खाणी सांगितल्या. जारज म्हणजे गर्भाशयातून जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून येणारे, उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून वर येणारे, आणि चौथे स्वेदज, म्हणजे घामातून, उष्म्यातून, ओलाव्यातून उपजणारे. उवा, ढेकूण, डास, माश्या यांची गणना या चौथ्या खाणीत होत असे. कीर्तनात 'चार खाणी' हे शब्द आपण आजही ऐकतो. तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटल हा एवढा मोठा पंडित. त्यानंही काही किडे पानावरच्या दवातून आणि काही चिखलातून, शेणातून होतात असं लिहून ठेवलं. याला हसू नये. डोळ्याला अंडं दिसत नाही, किडा मात्र दिसतो. मग तो आपोआप झाला असं वाटणारच. आजही डाळीत पोरकिडे झाले की आपण 'डाळीला कीड सुटली' असंच म्हणतो, जणू ती डाळीच्या पोटातूनच सुटली!

या समजुतीला पहिला जोराचा धक्का दिला तो इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी नावाच्या वैद्याने, १६६८ साली. त्याने मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले. काही भांडी उघडी ठेवली, काहींवर विरळ कापड बांधलं. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. कापड बांधलेल्यांत झाल्या नाहीत, कारण माशीला आत अंडी घालता येईना. म्हणजे अळी मांसातून होत नाही, माशीच्या अंड्यातून होते. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा सहा वर्षं अवकाश होता, इतकी ही जुनी गोष्ट. स्वेदज खाण अशी हळूहळू रिकामी होऊ लागली, आणि विद्वानांचा नियम ठरला की प्रत्येक जीवाला आई असते आणि बाप असतो.

हा नियम मोडला माव्यानं!

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. भिंगं घासून त्यांतून दिसेल ते पाहायचं हा त्याचा नाद. १६९५ साली त्याने झाडांच्या पानांवरचा मावा भिंगाखाली धरला. अंडी शोधत होता, ती काही सापडेनात. शेवटी त्याने माव्याचं पोट फोडून पाहिलं, तर आत अंड्यांऐवजी हातपाय फुटलेली तयार पिल्लं! शोधून शोधून त्याला नर मात्र एकही दिसला नाही.

पुढे पॅरिसमधल्या रोमूर या नामांकित शास्त्रज्ञाने ठरवलं की नुकतं जन्मलेलं एकच पिल्लू वेगळं ठेवून पाहावं. त्याने हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला. पण दरवेळी ते पिल्लू मोठं होण्याआधीच मेलं. मग त्याने दुसऱ्यांना सुचवलं की तुम्ही करून पाहा. ते मनावर घेतलं जिनीव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या तरुणाने. हा कायद्याचा विद्यार्थी, पण वकिलीत त्याचं मन नव्हतं. २० मे १७४० रोजी त्याने डोळ्यांदेखत जन्मलेलं एक पिल्लू एका डहाळीवर ठेवलं. डहाळी पाण्याच्या कुपीत, कुपी कुंडीतल्या मातीत पुरलेली, आणि वरून काचेचं भांडं पालथं घातलेलं. दुसरा कोणी किडा आत शिरण्याची सोयच नाही. मग रोज पहाटेपासून रात्री दिवा लावेपर्यंत भिंग घेऊन हा तिच्यापाशी बसला. तिने चार वेळा कात टाकली. कात टाकताना ती आजारी तर नाही ना, म्हणून त्याचा जीव वरखाली होई. १ जूनच्या संध्याकाळी सात वाजता तिला पहिलं पिल्लू झालं. २१ जूनपर्यंत पिल्लांची संख्या झाली ९५. नराचं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं!

पॅरिसच्या विद्वत्सभेत ही वार्ता पोचली तेव्हा खळबळ उडाली. बॉनेला सभेने आपला वार्ताहर सभासद करून घेतलं. पण शंकाखोरही गप्प बसले नाहीत, आणि शास्त्रात ते बसूही नयेत. बॉनेचाच स्नेही ट्रेम्बले याने विचारलं : आजीचा एखादा समागम नातीपणतीपर्यंत पुरत असेल तर? झालं, बॉने पुन्हा भिंग घेऊन बसला. पहिलीची लेक वेगळी ठेवली, तिची लेक वेगळी ठेवली, अशा पिढ्यांमागून पिढ्या त्याने एकेकट्या वाढवल्या. उत्तर तेच आलं. या निरीक्षणांपायी त्याचे डोळे अधू झाले आणि उरलेलं आयुष्य त्याला भिंग बाजूला ठेवून काढावं लागलं.

या प्रकाराला शास्त्रात अनिषेकजनन म्हणतात. म्हणजे फळवल्याशिवाय झालेली संतती. पुढच्या शतकात सायलेशियातल्या झिएरझॉन नावाच्या पाद्र्याने १८४५ साली दाखवलं की मधमाश्यांच्या पोळ्यातला नर हाही बिनबापाचाच असतो. राणीमाशी जे अंडं फळवते त्यातून मादी, जे फळवत नाही त्यातून नर. माव्यात उलट आहे : न फळवता मादीच जन्मते. मराठीत मावा हा शब्द पुल्लिंगी. पण शेतात जो दिसतो तो बहुतेक सगळा स्त्रीवर्ग. एवढ्यानंही आश्चर्य संपत नाही. मादीच्या पोटात जी लेक वाढत असते, त्या लेकीच्या पोटात नातीची वाढ सुरू झालेली असते. आजी, आई आणि नात एकाच कुडीत! म्हणूनच मावा वाढायला लागणारा वेळ आपल्या अंदाजापेक्षा नेहमी कमी निघतो.

थंड मुलुखात शरद ऋतू आला, पानगळ सुरू झाली की पुष्कळ जातींचा मावा नर जन्माला घालतो, नर-मादी जुगतात आणि मादी अंडी घालते. ही अंडी हिवाळा काढतात. बॉनेनंच पुढे हेही पाहिलं. पण आपल्याकडे बर्फ नाही आणि बाराही महिने काहीतरी हिरवं असतंच. मग नर कशाला हवा? आपल्या उसावरचा लोकरी मावा वर्षभर असाच, नराविना आणि अंड्याविना, थेट पिल्लं घालून वाढतो.

आता थोडं गणित करू. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावं. धरून चला की एक मादी वीस पिल्लं घालते आणि ती सगळी जगतात. वीसच्या वीस माद्या असतील तर दुसऱ्या पिढीत चारशे, तिसरीत आठ हजार, चौथीत एक लाख साठ हजार, पाचवीत बत्तीस लाख. आता हाच हिशेब निम्मे नर, निम्म्या माद्या धरून करा. वीसांतल्या दहाच पिल्लं घालणार. मग पाचव्या पिढीला माद्या होतात एक लाख. बत्तीस लाख कुठे आणि एक लाख कुठे! प्रत्यक्षात ऊन, पाऊस, शत्रू यांच्यामुळे इतकी जगत नाहीत हे खरं. पण 'चार दिवसांत एवढा आला कुठून' याचं उत्तर या गणितात आहे. तो आभाळातून पडला नाही, तिथेच होता. शेजारच्या फडातून उडत आलेल्या एखाद्या पंखवाल्या मादीनं सुरुवात करून दिलेली होती.

तसं पाहिलं तर ही कीड नवीन नव्हती. जावा बेटावरल्या उसावर तिची नोंद झाली १८९७ साली. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये ती १९५८ सालीच आढळली होती, आणि आसाम-नागालँडकडेही होती. तिकडे तिने फार मोठा हाहाकार केला नाही, कारण तिला खाणारेही तिथेच नांदत होते. आपल्याकडे आली तेव्हा मात्र मैदान मोकळं सापडलं.

मग फवारण्या सुरू झाल्या. वाढलेल्या उसात शिरून पानाच्या खालच्या अंगाला औषध पोचवणं किती कठीण, हे ज्यानं पाठीवर पंप घेतला त्याला विचारावं. हजार मेल्या आणि एक राहिली तरी तिला जोडीदार शोधायचा नसतो. ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागते. टोळाचं किंवा बोंडअळीचं तसं नाही. तिथे थोडेच उरले तर नर-मादीची गाठ पडणं अवघड होतं. माव्याच्या बाबतीत 'थोडे उरले' याला अर्थच नाही. शिवाय त्या औषधानं मेले ते माव्याचे वैरीसुद्धा, आणि त्यांना मात्र पुन्हा वाढायला नर-मादी दोन्ही लागतात. म्हणजे फवारणीनं अंती फायदा कोणाचा झाला, हे ज्यानं त्यानं ताडून पाहावं.

२००२-०३ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे ६२ लाख टन साखर झाली होती. २००४-०५ मध्ये ती २२ लाख टनांच्या आसपास आली. हे सगळं एकट्या माव्याच्या माथी मारणं बरोबर नाही. त्या वर्षांतला दुष्काळ मोठा होता, आणि तहानलेल्या उसावर मावा पडला म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण ज्याच्या उसाचं वजन घटलं आणि उतारा पडला, त्याच्या घरी त्या वर्षी लग्न पुढं ढकललं गेलं असेल, पोरीची शाळा सुटली असेल. आकड्यांच्या मागे ही माणसं असतात, हे आम्हा इतिहासवाल्यांनीही विसरू नये.

उपाय सापडला तो माव्याच्या वसाहतीतच. लोकरीच्या आत एक हिरवट-करडी अळी रेशमाचं जाळं विणून राहते आणि मावा खाते, हे ध्यानात आलं. ही एका पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डिफा; शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र 'कोनोबाथ्रा' हे तिचं जुनं नावच बसलं. दुसरा भक्षक मायक्रोमस, जाळीदार पंखांचा तपकिरी कीटक. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेने आणि इतरांनी हे मित्रकिडे वाढवून शेतकऱ्यांना पुरवले. ज्या पानांवर या अळ्या आहेत ती पानं तोडून दुसऱ्याच्या फडात नेऊन लावायची, असं साधं काम. 'किडीवर कीड सोडायची' म्हटल्यावर आधी लोक बिचकले, आणि ते साहजिकच होतं. पुढे आसामातून एन्कार्सिया नावाची एक अतिशय बारीक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणून सोडण्यात आली. ती जिवंत माव्याच्या अंगात अंडं घालते. आतली अळी त्याला पोखरून खाते. या सगळ्यांनी मिळून लोकरी माव्याचा जोर मोडला. पाऊसही बरा झाला. २००६-०७ च्या हंगामात राज्यातली साखर ९० लाख टनांवर गेली.

इथे माव्याच्या वंशाची एक उणी बाजूही कामाला आली असली पाहिजे. एका आईच्या सगळ्या लेकी हुबेहूब आईसारख्या; बापाकडून काही नवं येत नाही. म्हणून जो वैरी एकीला खाऊ शकतो तो सगळ्यांना खाऊ शकतो. झटपट वाढ हवी तर वैविध्य सोडावं लागतं, असा हा निसर्गाचा सौदा दिसतो.

द्राक्षवाल्यांनी याच कुळातल्या एका भावकीची गोष्ट ऐकून ठेवावी. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत १८६० नंतरच्या दशकात वेली मुळापासून वाळू लागल्या. १८६८ साली प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळांवरचा पिवळसर किडा शोधून काढला : फायलोक्सेरा, माव्याचा जवळचा नातलग, अमेरिकेतून आलेला. जमिनीखाली, मुळांवर, माद्याच माद्या, नराविना. औषधांनी काही साधलं नाही. शेवटी अमेरिकेतल्या रानवेलीच्या मुळांवर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधलं तेव्हा धंदा तरला. निफाड तालुक्यात आज डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात तो खुंटही अमेरिकन जातीचाच. आपण तो क्षार आणि पाण्याची ताण सोसण्यासाठी घेतला, फायलोक्सेरासाठी नव्हे. पण खुंटावर कलमाची ही रीत जगभर रुजली ती त्या बिनबापाच्या किड्याच्या दहशतीने.

आता सायखेड्याच्या बाजारात ढिगांनी येणाऱ्या मालाकडे, कांद्याकडे वळू. कांद्याच्या पातीच्या बेचक्यात, जिथे फवारा सहसा पोचत नाही, तिथे फुलकिडे म्हणजे थ्रिप्स लपून बसतात. पात खरवडून रस पितात आणि तिच्यावर चंदेरी चट्टे पडतात. या फुलकिड्यांतही पुष्कळ ठिकाणी नर जवळजवळ सापडतच नाहीत. माद्या न फळवता माद्याच घालतात. फरक इतका की हे अंडी घालतात, तीही पातीच्या गरात खुपसून, म्हणजे वरच्या औषधाला ती लागतच नाहीत. उसाचं गणित इथेही लागू आहे.

फुलकिड्यांबरोबर येतो तो विषाणू. कांद्यावरचा पिवळ्या ठिपक्यांचा विषाणू महाराष्ट्रात आढळल्याची नोंद २००६ सालची. याची रीत न्यारी. फुलकिडा बालपणी रोगट पातीवर जेवला तरच त्याच्या अंगात विषाणू शिरतो आणि वाढतो. मग मोठेपणी तो जन्मभर रोग वाटत फिरतो. मोठेपणी पहिल्यांदा रोगट पात खाल्ली तर त्याच्याकडून रोग पसरत नाही.

विषाणूला तर नरही नाही, मादीही नाही, अंडं नाही की पिल्लू नाही. १८९२ साली रशियात इव्हानोव्हस्की याने आणि १८९८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक याने रोगट तंबाखूचा रस चिनी मातीच्या इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जंतूसुद्धा पार होऊ नये. तरी त्या रसाने निरोगी रोप आजारी पडलंच. बायेरिंकच्या ध्यानात आलं की हे जे काही आहे ते फक्त जिवंत, वाढत्या पेशीतच वाढतं. आज आपण जाणतो की विषाणू पेशीत शिरून तिलाच कामाला लावतो आणि आपल्या नकला काढून घेतो. दुसऱ्याच्या छापखान्यात रातोरात आपली पत्रकं छापून घ्यावीत, तसं.

याचा आपल्या घरचा इतिहासही आहे. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची होतात, ज्याला आपण केवडा म्हणतो, त्या रोगाची पहिली नोंद १९२४ साली आपल्याच मुंबई इलाख्यातून कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञाने केली. हा विषाणूचा रोग आहे हे १९४० साली, आणि तो पांढरी माशी पसरवते हे १९५० साली, उप्पल, वर्मा आणि कपूर यांच्या कामातून पुढं आलं. यावर परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास 'परभणी क्रांती' ही जात काढली, ती भेंडीचा एका रानटी भेंडीशी संकर करून. विषाणूच्या नकलांना उत्तर दिलं दोन कुळांच्या लग्नानं, ही मला यातली गमतीची गोष्ट वाटते. काही वर्षांनी तिची प्रतिकारशक्तीही उतरत गेली, हेही सांगितलं पाहिजे; विषाणू नकला काढताना चुका करतो, आणि त्यांतली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. बॉनेचा प्रयोग तुमच्या शाळेत होण्यासारखा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. शनिवारी मारुतीला ज्या रुईची पानं वाहतात, तिच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळा, काळ्या पायांचा मावा बहुधा असतोच. हा मावाही मादीवंशाचाच. त्यातलं अगदी लहान असं एकच पिल्लू ओल्या कुंचल्याच्या टोकानं उचला आणि स्वच्छ धुतलेल्या कोवळ्या डहाळीवर ठेवा. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करा, बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, आणि सगळ्यावर तलम फडकं बांधा. भिंग असल्यास उत्तम. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, तो वाईट. पोरांना हात धुवायला लावा. डहाळी दर दोन-तीन दिवसांनी बदला. एका पोराकडे वही द्या. रोज सकाळ-संध्याकाळ काय दिसलं ते तारीख-वेळ घालून त्याने लिहावं, कात टाकलेली दिसली तर तीही. आठ-दहा दिवसांत वहीत पहिल्या पिल्लाची नोंद होईल. मग मोजणी सुरू करा, आणि मोजलेली पिल्लं डहाळीवरून काढत जा, नाहीतर आठवड्याभरानं कोणती लेक आणि कोणती नात हे सांगता येणार नाही.